स्वस्त कार्पेट टाइल घेताय? आधी उलटी करून बघा

कार्पेट टाइल, म्हणजे गालिच्याचा चौकोनी तुकडा, हातात आली की बहुतेक जण वरून हात फिरवतात, रंग बघतात आणि किती खोकी लागतील ते विचारतात. स्वस्त टाइलमध्ये फसगत होते ती इथेच. किंमत उतरवायची तर कात्री दोनच ठिकाणी लागते, वरच्या धाग्याच्या वजनाला आणि खालच्या बॅकिंगला, म्हणजे टाइलच्या पाठीच्या थराला. धागा विरळ असला तर तो लवकर दबतो, खोली जरा जुनाट दिसते, पण चालून जातं. बॅकिंग खराब निघालं तर टाइल जमिनीवर बसतच नाही.

स्वस्तात साधारण तीन प्रकारची बॅकिंग मिळतात. डांबराचं म्हणजे बिट्युमेनचं बॅकिंग जड असतं, त्यामुळे टाइल स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. तोटे दोन. नव्या टाइलला वास येतो, आणि व्हिनाइलच्या फ्लोअरिंगवर थेट ठेवली तर काही महिन्यांत पिवळट-तपकिरी डाग उतरतात. ते कशानेही निघत नाहीत, कारण तेलकट अंश व्हिनाइलच्या आतच मुरलेला असतो. पीव्हीसीचं बॅकिंग जास्त घट्ट असतं आणि कापल्यावर कडा स्वच्छ येते. बजेटमध्ये बसत असेल तर हेच घ्यावं. तिसरा प्रकार नमद्यासारख्या पाठीच्या, पातळ, सोलून चिकटवायच्या टाइलचा. आमचा स्पष्ट सल्ला आहे की घरच्या खोलीसाठी या घेऊ नका. त्या वजनाने हलक्या असतात, कोपरे उचलतात, आणि काढायची वेळ आली की गोंदाचा थर फरशीवर ठेवून जातात.

घेण्याआधीची तपासणी दोन मिनिटांची आहे. टाइल सपाट टेबलावर ठेवा आणि डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघा. मधला भाग किंचित फुगीर असेल तर चालतं, कोपरे खाली दाबलेले राहतात. कोपरे वर आलेले असतील तर ती टाइल परत ठेवा, कारण पुढे पाय अडकणार तो तिथेच. मग एकाच खोक्यातल्या दोन टाइल पाठीला पाठ लावून धरा, कडा जुळवा आणि एक टाइल पाव वळसा फिरवा. कुठल्याही बाजूने दुसरीची कड डोकावली तर माल गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नाही. ५० सेंमीच्या टाइलमध्ये १ मिमीचा फरक किरकोळ वाटतो, पण दहा टाइलच्या ओळीत तो १ सेंमी होतो. शेवटी कुठे फट पडते, कुठे दोन टाइल एकमेकींना ढकलून सांध्यावर उंचवटा करतात.

आता धागा. स्वस्त टाइल बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते, महाग टाइल नायलॉनची. लेबल नसेल तर कडेचा एक धागा कापून पाण्याच्या भांड्यात बुडवा आणि बोटाने नीट भिजवा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्याने पुन्हा वर येतं, नायलॉन तळाला जातं. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याची एक बाजू खरंच चांगली आहे. तो पाणी पीत नाही आणि रंग वरून चढवलेला नसून धागा बनतानाच आत मिसळलेला असतो. चहा-कॉफी सांडली तर लगेच टिपून घेतल्यावर डाग सहसा राहत नाही. तेलाचं मात्र उलट. तेल या धाग्याला धरून बसतं आणि त्यावर धूळ बसून काळपट पट्टे तयार होतात. शिवाय एकदा दबलेला धागा नायलॉनसारखा पुन्हा उभा राहत नाही. पलंगाच्या पायाखालचा खड्डा कायमचा समजा. जड कपाट ओढत नेलं तर घर्षणाच्या उष्णतेने धागा वितळून चकचकीत रेघ उमटते, म्हणून सामान नेहमी उचलूनच हलवा. कडक उन्हाच्या खिडकीखाली हलक्या प्रतीचा धागा ठिसूळ होतो, तिथे पडदा हवा.

मग घ्यायचीच कशाला? कारण यात जी सोय आहे ती अखंड गालिच्यात नाही. एक टाइल खराब झाली तर एकच बदलायची. खोकी जिन्याने वर नेता येतात, एका माणसाला दिवसभरात खोली पूर्ण करता येते, पावलांचा आणि खुर्चीचा आवाज खालच्या मजल्यावर कमी जातो. भाड्याच्या घरात तर नीट बसवलेली टाइल उचलून पुढच्या घरी नेता येते.

बसवण्याआधी जमीन. काँक्रीट नवं असेल किंवा तळमजला असेल तर साधारण ४५ सेंमी चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून निदान १६ तास ठेवा. खाली दव जमलं किंवा जमिनीचा रंग गडद झाला तर काम थांबवा. ओलीवर बसवलेल्या टाइलचा गोंद सुटतो आणि कुबट वास येतो. खड्डे, गोट्यासारखे उंचवटे घासून-भरून घ्या. मऊ बॅकिंग खालचा प्रत्येक दोष वर दाखवतं. फोमचं अंडरले मात्र खाली घालू नका. पायाखाली मऊ लागावं म्हणून ते घालतात आणि सांधे चालताना खालीवर होऊन कडा उसवतात. टाइल खोलीत आणून २४ तास सपाट ठेवल्यावरच कामाला लागा.

हिशोबात सगळ्यात जास्त चूक होते. समजा खोली ४.२ मीटर बाय ३.३ मीटर आहे. क्षेत्रफळ १३.८६ चौरस मीटर, टाइल ५० सेंमीची, म्हणजे चौरस मीटरला चार. गणित सांगतं ५६ टाइल. वीस-वीसची तीन खोकी, वर चार शिल्लक, असं वाटतं. प्रत्यक्षात मांडून बघा. मधोमध सांधा धरला तर लांबीत आठ अख्ख्या टाइल बसतात आणि दोन्ही भिंतींशी १० सेंमीच्या पट्ट्या उरतात. इतकी अरुंद पट्टी टिकत नाही. म्हणून सुरुवात अर्ध्या टाइलने सरकवायची, म्हणजे सात अख्ख्या आणि दोन्ही कडांना ३५ सेंमी. रुंदीतही तसंच, पाच अख्ख्या आणि कडांना ४० सेंमी. झाल्या ९ गुणिले ७, म्हणजे ६३. कापून उरलेले १०-१५ सेंमीचे तुकडे कुठेच लागत नाहीत. तीन खोकी तीन टाइलने कमी पडतात, आणि नंतर आणलेल्या चौथ्या खोक्याचा बॅच वेगळा असला तर छटा जुळत नाही. वर पाच-सहा राखीव धरा आणि सगळी खोकी एकाच वेळी, एकाच बॅच नंबरची घ्या.

खोलीच्या मध्यातून दोन सूत मारा, ती काटकोनात आहेत याची खात्री करा आणि मधून भिंतीकडे जा. टाइलच्या पाठीवर बाण असतो. सगळे बाण एका दिशेने ठेवले तर फरशी अखंड गालिच्यासारखी दिसते, पण स्वस्त मालात छटेचा फरक उघडा पडतो. एकाआड एक पाव वळसा दिला तर फरक नक्षीत मुरतो. या किमतीच्या टाइलला पाव वळसाच द्या. सांधा जुळवताना वरचे धागे आत दाबले जाणार नाहीत हे बघत टाइल वरून खाली बसवा. दाबून ठासू नका.

गोंद कायमचा नको. टाइल पुन्हा उचलता येईल असा पाण्यातला चिकट गोंद मिळतो. तो रोलरने पातळ लावायचा आणि दुधी रंग जाऊन पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. ओल्या गोंदावर टाइल ठेवली तर ती पक्की चिकटते आणि काढताना बॅकिंग फाटतं. इथे घाई केली तर एक टाइल बदलण्याची सगळी सोय गेली. जड बॅकिंगच्या टाइलना छोट्या खोलीत कडेच्या रांगा, दाराजवळचा भाग आणि मधल्या अधिक चिन्हाच्या (+) आकारातल्या रांगा एवढ्यावर गोंद पुरतो. सॉल्व्हंटचा गोंद डांबरी बॅकिंगला विरघळवतो, तो टाळाच.

कापताना टाइल उलटी करा, स्टीलची पट्टी धरा आणि कटर दोन-तीनदा फिरवा. पातं दर आठ-दहा कापांनंतर बदला. बोथट पातं धागा ओढतं आणि लूप टाइलमध्ये, म्हणजे धाग्याचे वेढे न कापता ठेवलेल्या टाइलमध्ये, एक धागा ओढला गेला की ओळच उसवते. वर आलेला धागा कात्रीने कापा, हाताने कधीच ओढू नका. व्हॅक्यूमही नुसत्या ओढीचा हवा, फिरत्या ब्रशचा नको.

दाराखालची जागा आधी मोजा, टाइल ५ ते ७ मिमी जाड असते. उंबऱ्याशी उघडी कड राहत असेल तर पट्टी लावाच.

झोपायची खोली, अभ्यासाची खोली, मुलांच्या खेळण्याची जागा, इथे ही टाइल पैसे वसूल करते. जेवणाच्या टेबलाखाली तेलामुळे आणि मुख्य दारात वाळूमुळे दोन वर्षांतच ती दीनवाणी दिसू लागते. स्वयंपाकघर, न्हाणीघराबाहेरची जागा आणि जिना यांचा विचारही करू नये. जिन्याच्या पायरीच्या काठावर सुटी टाइल धोक्याची असते.

बदलायची वेळ आली तर राखीव टाइल थेट खोलीच्या मध्यात लावू नका, ती ताज्या रंगाची चौकट होऊन दिसते. पलंगाखालची जुनी, कमी वापरलेली टाइल पुढे आणा आणि नवी पलंगाखाली टाका. राखीव टाइल कपाटामागे उभ्या ठेवल्या तर वाकतात, म्हणून त्या आडव्या, तोंडाला तोंड लावून ठेवा आणि खोक्यावरची बॅच नंबरची पट्टी त्यांच्याबरोबरच जपून ठेवा.