घड्याळजी व्हायचंय: शाळा की उस्ताद?

स्वित्झर्लंडची वोस्टेप ही संस्था १९६६ पासून घड्याळजी घडवते आहे. तिचा पूर्ण अभ्यासक्रम सुमारे ३,००० तासांचा. अशा शाळेत आधी कानशीने धातू घासायचा, लेथवर बॅलन्सची, म्हणजे घड्याळात मागेपुढे डोलणाऱ्या चाकाची, बारीक दांडी घडवायची, मग कुठे खरं घड्याळ हाती येतं. कंटाळवाणं खरंच, तरी पैशांची सोय असेल तर मी हेच निवडेन.

उस्तादाकडे पहिल्याच आठवड्यात मागचं झाकण उघडतं. तासाला २८,८०० ठोके देणाऱ्या यंत्रातली केसासारखी हेअरस्प्रिंग चिमट्याने जरा वाकली, की ती सरळ कशी करायची हे तो शेजारी बसून दाखवतो. नुसतं पुस्तक वाचून हे हातात बसत नाही. पण त्याला येतं तेवढंच तुम्हाला येणार. शिवाय प्रमाणपत्र नसलं, की बरेच मोठे ब्रँड सुटे भागही देत नाहीत.