दर्यापूरचं सुट्या फिनाईल-ॲसिडचं दुकान: चार स्टार, आणि थोडं सविस्तर

दर्यापूरला बाजाराच्या लाइनीत सुटं फिनाईल, ॲसिड, धुण्याचा सोडा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असं सगळं विकणारं एक छोटंसं दुकान आहे. आजूबाजूच्या खेड्यातले कितीतरी लोक तिथूनच नेतात, मी पण नेते. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो का ते खाली सांगते, पण आधी चार कशाचे ते वाचा, कारण स्वस्त सामान तर कुठंही भेटते. हे दुकान मला पटलं ते दुकानदार काका सामान देताना काय विचारतात आणि काय द्यायला नाही म्हणतात त्याच्यासाठी. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे माझं लक्ष आपोआप तिकडंच जाते.

आपला हा पूर्णेचा खारपाणपट्टा, अकोला, अमरावती, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. बोअरचं पाणी खारट आणि जड. साबण लावला की फेस यायच्या आधी पांढरा साका येतो, बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला, टाइल्सवर, कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो. हा थर बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच. साबणानं तो जात नाही, कितीबी घासा, त्याला आम्लच लागते. आणि मग लोक सरळ ॲसिडची बाटली मागतात.

काका लगेच देत नाहीत. आधी विचारतात, "कायले पायजे? संडासच्या भांड्यासाठी का फरशीसाठी?" फरशी म्हटलं की दुसरा प्रश्न, "शहाबादी हाय का टाइल? शहाबादी असन तर नेऊ नका, खाऊन टाकते ते." अगदी बरोबर सांगतात. शहाबादी काय अन् कोटा काय, दोन्ही चुनखडीचेच दगड. ॲसिड टाकलं की बुडबुडे येतात, आपल्याला वाटते मळ निघून राहिला, पण तो कार्बन डायऑक्साइड असतो आणि विरघळून राहिलेली असते ती फरशीच. टाइलला स्वतःला काही होत नाही पण दोन टाइलच्या जोडातलं सिमेंट जाते आणि नळाची चमक कायमची जाते.

कंपनीच्या टॉयलेट क्लीनरमध्ये पण तेच हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, बहुतेकांत साधारण १० टक्के, आणि भांड्याच्या उतारावर टिकून राहावं म्हणून घट्ट केलेलं. सुटं ॲसिड पातळ असते, त्याच्या कितीतरी जास्त तिखट असू शकते, झाकण उघडलं की धूर निघते आणि बाटलीवर टक्के लिहिलेले नसतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, घरात लहान मुलं असतील तर सुटं ॲसिड आणूच नका, पैसे वाचले तरी. आणायचंच असेल तर पातळ करताना आधी पाणी घ्या आणि त्यात ॲसिड हळूहळू सोडा, उलटं कधीच नाही, कारण ॲसिडवर पाणी ओतलं की एकदम तापून अंगावर उडते. काका आधार कार्ड बघून रजिस्टरमध्ये नाव लिहितात, अठराच्या खालच्या पोराला परत पाठवतात. काही लोक यावर चिडतात, पण ॲसिड हल्ल्यांच्या केसमध्ये २०१३ साली सुप्रीम कोर्टानंच हे सांगितलेलं आहे. बाकी किती दुकानात हे रजिस्टर दिसते तुम्हीच सांगा.

आता मेन गोष्ट. ॲसिड आणि टीसीएल दोन्ही एकदम मागितलं की काका थांबतात. "दोन्ही एका पन्नीत नाही देत मी मॅडम. हे डिक्कीत ठेवा, ते पायाजवळ उभं ठेवा, अन् घरी गेल्यावर बी एका फळीवर ठेवू नका." मग जाड काळ्या मार्करनं ॲसिडच्या कॅनवर लिहितात, टीसीएल सोबत नाही. अक्षर मोठं, मराठीत, शाई पुसू नये म्हणून वरून सेलोटेप. एवढं साधं काम, पण मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिलं नाही.

का ते नीट समजून घ्या. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत आणि टाकीत टाकते तीच. तिच्यात क्लोरीन बांधलेला असतो, पाण्यात तो थोडा थोडा सुटतो आणि जंतू मारतो. पण तिच्यावर ॲसिड पडलं, टॉयलेट क्लीनर का असेना, की तो सगळा क्लोरीन वायू होऊन एकदम बाहेर येतो. कपड्याच्या लिक्विड ब्लीचचं पण असंच. हा वायू हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, म्हणून वर न जाता खालीच बसतो, आणि आपले संडास केवढे, चार बाय चारचे, वर एक टीचभर झरोका, बाई उकिडवी बसून भांडं घासते, तिचं नाक तिथंच. आमच्या गावात दिवाळीच्या सफाईत एका घरी हेच झालं. क्लीनर टाकूनही डाग जाईना म्हणून वरून मूठभर पावडर टाकली. डोळे, घसा, खोकला थांबेना, आरोग्य केंद्रात न्यावं लागलं. असं झालं तर वरून पाणी-बिणी ओतत बसू नका, पहिले बाहेर मोकळ्या हवेत या, दार उघडं टाका, श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा. आणि बरं वाटलं म्हणून विषय सोडू नका, छातीचा त्रास काही तासांनी पण वाढू शकतो. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-मजूर गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आता फवारताना निदान तोंडाला रुमाल तरी बांधतात, पण संडास धुताना कोणी विचारच करत नाही.

गोठ्यातली गोष्ट वेगळी पण भाऊबंदच. गोमूत्र साचलेलं असताना त्यावर सरळ टीसीएल टाकली तर त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन तयार होते, डोळ्याला झोंबते, ढोरांना पण त्रास. आधी भरपूर पाण्यानं धुऊन घ्या, मग पावडर. ज्यांचा संडास दोन खड्ड्यांचा आहे त्यांनी तर ॲसिड, टीसीएल, फिनाईल काहीच ढसाढसा ओतू नये, खड्ड्यातला मैला कुजवणारे जीवाणूच मरतात. तिथं ब्रश आणि थोडं पाणी पुरते.

फिनाईल दोन प्रकारचं भेटते. काळं डांबराच्या तेलापासूनचं, पांढरं बहुतेक पाइन तेलाचं. आपल्या बोअरच्या पाण्यात टाकलं की कधीकधी दुधासारखं पांढरं न होता फुटते, वर तेलाचे थेंब तरंगतात. ते फिनाईल नकली असेलच असं नाही, त्यातला साबण जड पाण्यात टिकत नाही म्हणून तेल सुटं होते. एका ग्लासात बोअरचं आणि एका ग्लासात फिल्टरचं पाणी घेऊन बघा, लगेच फरक दिसन. पावसाचं साठवलेलं किंवा गोडं पाणी वापरा, थोडकंच लागते. घरात मांजर असेल तर काळं फिनाईल टाळाच, मांजरीच्या शरीराला ते पचवता येत नाही आणि ती पाय चाटते.

कोल्ड्रिंकच्या बाटलीत काका काहीच भरून देत नाहीत, कितीही ओळख असो. यासाठी एक स्टार अख्खा. शेतातून तहानलेलं आलेलं माणूस बाटली पाहून तोंडालाच लावते. आणि असं काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. ॲसिड येताना दुसऱ्यांदा जाळते, फिनाईल-रॉकेल फुफ्फुसात जाते. तोंड धुवा, दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या.

दुकानातली सगळ्यात कामाची वस्तू विचाराल तर मी सायट्रिक ॲसिड म्हणीन, लिंबाचं सत्व म्हणून भेटते ते. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे टाका, फडकं भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळा, अर्ध्या तासानं पांढरा थर बोटानं निघते. हीटरच्या रॉडला (प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर), बादलीला, कूलरच्या टाकीला, सगळीकडं चालते, धूर नाही, वास नाही. शहाबादीवर मात्र हे पण नको, आम्ल ते आम्लच, आणि टीसीएलजवळ पण नको.

धुण्याचा सोडा कपड्यांसाठी उत्तम, पाण्यातला कॅल्शियम खाली बसवते म्हणून साबण कमी लागते. फक्त जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्याला लावू नका, काळं पडते. खायचा सोडा आणि व्हिनेगर मिसळायचे व्हिडिओ फिरतात त्यात दम नाही, दोन्ही एकमेकांना मारून टाकतात, फेस तेवढा दिसते.

आता कापलेला स्टार. टीसीएलचा ड्रम दाराशी, उघडा, वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन सरळ त्यावर. ताज्या पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण ऊन, उष्णता, ओल लागली की उडत जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली टीसीएल पंचायतीच्या पाण्याला पण चालत नाही. मागच्या उन्हाळ्यात आणलेल्या पावडरला धड वासच नव्हता, गोळे झालेले. मी काकांना तोंडावर सांगितलं, ते म्हणाले, आतल्या खोलीत जागा नाही. जागा करा काका, झाकणाचा ड्रम घ्या, एवढं सगळं नीट करता तर हे पण करा. तोवर मी टीसीएल सीलबंद पिशवीतलीच घेईन, तारीख पाहून, बाकी सगळं इथूनच.

जाताना स्वतःची कॅन न्या, आतून कोरडी, आधी त्यात काय होतं ते काका विचारतातच, फवारणीच्या औषधाची असेल तर भरत नाहीत. दुपारी दुकान बंद असते, उन्हाळ्यात तर पाचच्या आत जाऊच नका.