निवेदनात काय मागावं: फाशी की मरेपर्यंत जन्मठेप?

मराठवाड्यात एखादी भयंकर घटना घडली की गाव बंद, मग तहसीलवर मोर्चा, आणि निवेदनाची पहिली ओळ ठरलेली: आरोपींना फाशी द्या. कोपर्डीनंतर ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत निघालेल्या पहिल्या मराठा मोर्चातही हीच मागणी पुढे होती. आमच्याकडची निवेदनं बरीच वर्षं मी लिहून देतो, म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही.

ज्या माउलीचं लेकरू गेलं, तिच्या फाशीच्या मागणीला सूड म्हणायची माझी हिंमत नाही. जन्मठेपेवर लोकांचा विश्वास नाही, त्यालाही कारण आहे. चौदा वर्षांनी सुटकेचा विचार होऊ शकतो, त्याआधी पॅरोल, फर्लो अशा तुरुंगातून तात्पुरत्या सुट्ट्या. खुनी आठवडी बाजारात दिसला की फिर्यादीच्या घरात त्या दिवशी कुणाला घास जात नाही.

तरी मला जास्त सलतं ते हे, की फाशीचा निकाल लागल्यावरही खटला संपत नाही. आमच्या गावातल्या एका मुलीच्या खुनात खालच्या कोर्टाने फाशी दिली. लोकांनी गुलाल उधळला. बापाला वाटलं, सुटलो. पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी देता येत नाही. त्यापुढे सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज. दर टप्प्याला बातमी, पोरीचा तोच फोटो, आणि आईला पुन्हा तेच प्रश्न. खंडपीठाच्या आवारात तो बाप पिशवीत भाकरी बांधून बसलेला मी पाहिलाय. पुण्यातल्या २००७ च्या एका खुनात तर २०१९ मध्ये फाशीची तारीखही ठरली होती. उशीर झाला या कारणावरून उच्च न्यायालयाने ती रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली.

मग लवकर उरका, असं सगळेच म्हणतात. इथे मला नाशिकजवळचा एक खटला आठवतो. २००३ साली तिथे एका कुटुंबातल्या पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी २००९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नाही. घाई केली असती तर ते सहा जण आज नसते. म्हणजे फाशीतला उशीर काढून टाकता येत नाही, आणि तो सोसावा लागतो मुलीच्या आईबापाला.

म्हणून माझा कल माफीविना, म्हणजे शिक्षेत सूट न देता, मरेपर्यंत जन्मठेपेकडे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ही वाट काढली आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली. एक लक्षात ठेवा: फाशीऐवजी अशी माफी बंद करणारी शिक्षा ठरवण्याचा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच आहे. तेव्हा नुसतं जन्मठेप लिहू नका. सरकारने वरच्या कोर्टात माफीविना शिक्षेचा आग्रह धरावा, असं स्पष्ट लिहा.

तुमच्या गावाचं दुःख तुम्हालाच ठाऊक, त्यामुळे फाशीच लिहायची ठरली तर मी वाद घालणार नाही. मी मात्र आता पहिल्या ओळीत तपास चांगल्या अधिकाऱ्याकडे द्या असं लिहितो, दुसरीत साक्षीदारांना संरक्षण मागतो आणि तिसरीत मरेपर्यंत कैद.