भोपळ्यांचा हिशेब ठेवणारी पेटी

मुलाच्या बेसबॉल टीमची स्कोअरबुक दर शनिवारी माझ्याच गळ्यात पडते. त्यामुळे समोरच्या टीमच्या रांगेत एकामागून एक भोपळे भरण्यातली मजा मला पुरेपूर ठाऊक आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानात शटआउटमध्ये, म्हणजे समोरच्यांना एकही रन न देण्यात, लीग गाजवणाऱ्या पिचर्सच्या (बेसबॉलमधल्या बोलर्सच्या) कार्डांची पेटी 12 डॉलरला दिसली, तेव्हा घासाघीससुद्धा केली नाही. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉलच्या लीग दोन, म्हणून दर मोसमाला दोन कार्डं, एक अमेरिकन लीगचं, एक नॅशनलचं. पुढे फोटो, मागे आकडे.

पहिलाच वाद 1916 वरून झाला. "आई, हे चुकीचं छापलंय. बेब रूथ तर होमरन मारायचा ना!" छपाई बरोबर होती. त्या वर्षी बॉस्टन रेड सॉक्सकडून पिचिंग करताना, पुढे होमरनसाठी, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावण्यासाठी, गाजलेल्या रूथने 9 शटआउट टाकले आणि लीगमध्ये पहिला आला. चिरंजीव ते कार्ड उलटंसुलटं करत बराच वेळ बसले होते. माझे 12 डॉलर तिथेच वसूल झाले.

त्याच वर्षीचं नॅशनल लीगचं कार्ड मात्र वाया घालवलंय. ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर, फिलाडेल्फिया, 16 शटआउट. बस्स, एवढंच. अहो, तेव्हा फिलीजचं, म्हणजे या फिलाडेल्फियाच्या टीमचं, घरचं मैदान बेकर बोल होतं. उजवीकडची भिंत होमप्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) जेमतेम 280 फुटांवर, म्हणजे बॅटरची चंगळच. अशा मैदानाचा पिचर एका मोसमात 16 वेळा समोरच्यांना कोरं ठेवतो, आणि त्यावर एक ओळ नाही?

बॉब गिब्सनचं 1968 चं कार्ड बघा म्हणजे मला काय हवं होतं ते कळेल. 13 शटआउट, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेले सरासरी रन) 1.12, आणि खाली बारीक अक्षरात: पुढच्या मोसमापासून माउंडची (पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्याची) उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली. त्या एका ओळीने सगळं वर्षच समोर उभं राहतं. पिचर इतके डोईजड झाले होते की त्यांच्या पायाखालची मातीच काढून घ्यावी लागली.

वॉल्टर जॉन्सनची सात कार्डं आहेत, कारण तो सात मोसमांत आघाडीवर होता. कारकिर्दीत त्याचे 110 शटआउट, हा विक्रम अजून कायम आहे. पण सातही कार्डांवर फोटो एकच! हा निव्वळ आळस.

शटआउट कशाला म्हणायचं, हे पेटीत कुठेच लिहिलेलं नाही. तीन पिचर्सनी मिळून समोरच्यांना शून्यावर रोखलं तर टीमचा शटआउट होतो, पण पिचरच्या नावावर तो लागायला पूर्ण मॅच त्याने एकट्याने टाकावी लागते. हे माहीत नसेल तर शेवटची कार्डं कोड्यात टाकतात. हल्ली शंभरेक चेंडू टाकून झाले की मॅनेजर चेंडू काढून घेतो आणि बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचर्स थांबतात त्या जागेचं, दार उघडतं. मग एक-दोन शटआउटवरही लीगमध्ये पहिला नंबर येतो. बरोबरीत इतके जण, की नावं वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

एक कार्ड गायब निघालं, नेमकं नॅशनल लीगचं 1985 चं. सेंट लुईसच्या जॉन ट्यूडरने तेव्हा 10 शटआउट टाकले होते, त्यानंतर दोन आकडी संख्या कुणालाच जमलेली नाही. कुणाकडे ते जादा असेल तर कळवा. बदल्यात जॉन्सन देते, सातपैकी कुठलाही निवडा, चेहरा तोच आहे.