ऑनलाइन लिलावातली 'चिएनलुंग' तपकिरीची कुपी: घ्यावी का?

उंची साधारण 6 सेंटिमीटर. चपटं पोट, दोन्ही बाजूंना युरोपियन वेशातली आई नि मूल, बुडाला पांढऱ्या मीन्यावर (मीना म्हणजे भाजून बसवलेला काचेचा थर) निळी चार चिनी अक्षरं, वर सोनेरी बूच. तांब्यावर मीना रंगवलेली अशी चिनी कुपी परदेशी लिलावांच्या साइटवर कधीही बघा, एखादी तरी असतेच. वर्णनात '18वं शतक, राजवाड्यातली' असं बिनधास्त ठोकलेलं असतं. काचेच्या कपाटात ठेवायला ती छान आहे. जुनी वस्तू म्हणून पैसे मोजणार असाल तर जरा थांबा.

ती निळी अक्षरं वरून खाली, उजवीकडची ओळ आधी अशी वाचायची. अर्थ एवढाच, की 'चीनचा बादशहा चिएनलुंग याच्या राजवटीत (1736–1795) केलेली'. पण हा शिक्का पुढच्या दोनशे वर्षांत कुणीही घातला, आणि दर वेळी फसवायलाच घातला असंही नाही. शिक्क्याला शून्य गुण.

खरी परीक्षा चेहऱ्यावर होते. मीना रंगवण्याचं तंत्र चिएनलुंगचा आजोबा खांगशी बादशहा याच्या काळात युरोपातून बीजिंगच्या राजवाड्यात आलं. 1719 मध्ये ग्राव्हरो हा फ्रेंच मीनाकार तिथे पोचला. गोऱ्या बायकांची चित्रं आली ती या संबंधातून, आणि गालाची गोलाई बारीक ठिपक्यांनी उठवायची पद्धतही. दहापट भिंग लावा. चांगल्या जुन्या कामात ठिपके विरळ-दाट होत जातात, दोन सारखे नसतात, आणि सोन्यापासून केलेला गुलाबी रंग कडेला हळूच विरतो. नव्या मालात गाल म्हणजे एक सपाट गुलाबी डाग आणि नाक-डोळे एकाच जाडीच्या रेघेत. ठिपके ओळीने मांडल्यासारखे, एकाच मापाचे दिसले तर तो छापील कागद चिकटवून भाजलेला आहे. लगेच ते पान बंद करा.

नंतर मान आणि बुडाची कड. जुना मुलामा पाऱ्यात सोनं मिसळून दिलेला असतो. हात लागतो तिथे झिजून खालचं तांबं डोकावतं, खोबणीत मात्र टिकतो. विजेवर चढवलेला मुलामा सगळीकडे सारखा पिवळा. मुद्दाम घासून झिजवलेलाही असतो, पण मग ओरखडे एकाच दिशेला दिसतात.

टवके असणं स्वाभाविक आहे. तांबं आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यात कुपी पडली की पत्रा वाकतो आणि वरची काच उडते, बहुतेक वेळा कडेला. टवका चालेल, लपवलेला टवका नको. अतिनील टॉर्चखाली डागडुजीचा राळेचा भाग बहुधा वेगळा चमकतो, म्हणून विक्रेत्याकडे तसा फोटो मागा. टाळाटाळ केली तर समजून जा.

बूच बऱ्याचदा मागाहून बसवलेलं असतं, त्याला फार महत्त्व देऊ नका. बुचाला आतून लावलेला तपकिरीचा छोटा चमचा तळाला टेकू नये, जेमतेम वर राहावा. बूच अडकलं तर पिळू नका, मानेचा जोड सुटतो. आत तपकिरीचा वास आला म्हणून भुलू नका. चिमूटभर तपकीर आज कुणीही टाकू शकतो.

काचेवरच्या मीन्याच्या कुप्यांची गोष्ट वेगळी. बीजिंगच्या ये बंगची या कारागिराने 20व्या शतकात इतक्या सफाईने केल्या की जाणकारांनीही त्या चिएनलुंगच्या मानल्या. आता त्या त्याच्याच नावावर चांगल्या किमतीला जातात. राजवाड्यातली अस्सल काचेची कुपी 2011 मध्ये हाँगकाँगला ब्लॉक या संग्राहक दांपत्याच्या कुप्यांच्या लिलावात अडीच कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेली. तसला माल ऑनलाइन 'नशिबाने' मिळत नाही.

धुवायची नाही. टवक्यातून पाणी आत शिरतं आणि हिरवा गंज धरतो. अल्ट्रासॉनिक मशीन तर अजिबात नको. मऊ ब्रश पुरे.

भारतात मागवणार असाल तर हस्तिदंताचा चमचा काढून ठेवायला सांगा, नाहीतर कस्टममध्ये अडकेल. आणि परतीच्या हमीवर फार विसंबू नका: 1972च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. गंमत अशी, की कुपी नकली निघाली तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरातन नसल्याचा दाखला घेऊन परत पाठवता येते. अस्सल निघाली तर ती तुमच्याच गळ्यात.