फोंकोझे : कर्जाआधी शेळी देणारी हैतीतील वित्तसंस्था

हैतीच्या क्रेओल भाषेत ‘कोले झेपोल’ म्हणजे खांद्याला खांदा लावणे, आणि त्यावरूनच फोंकोझे हे नाव पडले. फादर जोसेफ फिलिप या हैतीच्याच धर्मगुरूंनी १९९४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था आज तेथील ग्रामीण गरिबांची प्रमुख वित्तसंस्था मानली जाते. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. फोंकोझेचे वेगळेपण मला दिसते ते तिच्या एका स्पष्ट कबुलीत : अगदी तळाच्या कुटुंबाला कर्ज देणे हा त्याच्यावर उपकार नसून भार आहे.

या कबुलीतून ‘शेमें लावी मियो’, म्हणजे ‘चांगल्या जीवनाची वाट’, हा अठरा महिन्यांचा कार्यक्रम उभा राहिला. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या अनुभवावर बेतलेला हा उपक्रम २००७ मध्ये १५० कुटुंबांपासून सुरू झाला. गावातील सर्वांत गरीब घरे कोणती हे गावकऱ्यांनाच एकत्र बसवून ठरवले जाते. निवड झालेल्या स्त्रीला शेळ्या, कोंबड्या किंवा किरकोळ व्यापाराचा माल दिला जातो. पहिले काही महिने आठवड्याला थोडी रोख रक्कम मिळते, कारण घरात चूल पेटण्याची चिंता असेल तर शेळी विकली जाणारच, हे संस्थेने ओळखले आहे. घराला पत्र्याचे छप्पर, शौचालय आणि पाणी गाळण्याचे साधन यांसाठीही मदत होते. मात्र या सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते ती दर आठवड्याला दारी येणाऱ्या कार्यकर्त्याची भेट. वर्षानुवर्षे जिची कोणी विचारपूस केली नाही, तिच्याशी कोणीतरी ठरल्या दिवशी येऊन शेळीच्या आजारापासून मुलांच्या शाळेपर्यंत बोलते, हा या सेवेचा गाभा आहे. ती खर्चिक आहे आणि देणग्यांवाचून चालत नाही, तरीही तिच्यात काटछाट होऊ नये असे माझे ठाम मत आहे.

पुढच्या पायरीवर छोटे कर्ज, आणि त्यानंतर पाच मैत्रिणींच्या गटाला एकमेकींच्या जबाबदारीवर, तारणाशिवाय मिळणारे कर्ज येते. घेणाऱ्या बहुतेक जणी ‘ती माशान’, म्हणजे बाजारात बसून किरकोळ माल विकणाऱ्या स्त्रिया असतात. अक्षरओळखीचे वर्गही सोबत चालतात.

येथेच या सेवेची मर्यादा दिसते. बाजारात माल रोज विकला जातो, म्हणून हप्ता वेळेवर भरता येतो. डोंगरउतारावर मका किंवा वाल पेरणाऱ्याचा पैसा मात्र सुगीलाच हाती येतो, आणि तोही वादळ आले नाही तर. त्यातच १९९५ मध्ये तांदळावरील आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणल्यानंतर स्वस्त अमेरिकी तांदळाने आर्तिबोनित खोऱ्यातील भातउत्पादकांचे कंबरडे मोडले. अशा शेतकऱ्याला कितीही सोपे कर्ज दिले तरी त्याच्या पिकाला भाव मिळत नाही. त्यामुळे फोंकोझे शेतमाल विकणारीला जितकी उपयोगी पडते, तितकी तो पिकवणाऱ्याला पडत नाही.

संकटकाळातील वर्तनाबद्दल मात्र संस्थेला पूर्ण श्रेय दिले पाहिजे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर बँका बंद असताना परदेशातील नातलगांनी पाठवलेले पैसे लोकांच्या हाती पडावेत, म्हणून अमेरिकी लष्कराच्या मदतीने २० लाख डॉलर विमानाने आणून तिच्या शाखांपर्यंत पोहोचवण्यात आले. पुढे २०११ मध्ये तिने कर्जदार स्त्रियांसाठी आपत्ती विमा आणला. घर किंवा माल वादळात गेला तर उरलेले कर्ज माफ, वर ५,००० गूर्द (हैतीचे चलन) रोख आणि नव्याने कर्ज घेण्याची मुभा, अशी त्याची रचना होती. त्या बाजारपेठेत यापेक्षा नेमकी सेवा मला दिसत नाही. परंतु संस्थेला विमा कंपनीकडून मिळणारी भरपाई पाऊस आणि वाऱ्याच्या मोजमापावर ठरत असे, तर स्त्रियांना ती प्रत्यक्ष नुकसान पाहून दिली जाई. या दोहोंतील तफावत संस्थेच्या अंगावर पडली आणि २०१२ च्या आयझॅक व सँडी या वादळांनंतर योजना टिकली नाही. देणगीदारांनी ही तफावत भरून काढण्याची जबाबदारी घ्यावी आणि तो विमा पुन्हा सुरू व्हावा, तोही या वेळी पेरणी करणाऱ्यांसह, असे मला मनापासून वाटते.