जबाबदारी तक्ता घेतला, तीन महिने वापरून सांगते

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मालवणच्या बाजारातून हा कापडी तक्ता घेतला, साडेतीनशेला पडला. वीस पारदर्शक खिसे, वर कामांची चित्रकार्डं, खाली मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या सरकवायच्या, सोबत बारा बॅजेस. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी मिळून २३ मुलं, शिक्षक दोनच (आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६० मुलांपर्यंत दोनच मिळतात), त्यामुळे एकाच वेळी दोन-दोन इयत्ता सांभाळायच्या, मग मुलांनी कामं उचलली नाहीत तर दिवसच पुढे सरकत नाही.

आधी दरवर्षी चौथीतला एक हुशार मुलगा मॉनिटर, वर्षभर तोच, बाकीची मुलं बघत बसायची आणि मी पण हेच करत आलेय इतकी वर्षं. आता दर सोमवारी परिपाठ झाला की चिठ्ठ्या बदलतो. परिपाठप्रमुख, पाणी, पोषण आहाराच्या वेळी हात धुवायची रांग, वाचनकोपरा, घंटा, छत्र्या. हो छत्र्या, कारण आमच्याकडे जून ते सप्टेंबर दारात २३ ओल्या छत्र्यांचा ढीग असतो, हे कार्ड मीच बनवलं.

दुसरीतली एक मुलगी, जूनभर तिचा आवाज मी धड ऐकला नव्हता. तिच्याकडे घंटा आली, हात पोचेना, तर पोषण आहाराच्या मावशींकडून पाट मागून आणला आणि त्यावर उभी राहून वाजवली. शुक्रवारी माझ्याजवळ येऊन म्हणते, "बाई, फुडच्या सोमवारी माका परिपाठ होयो." मला तर भरूनच आलं.

रोज बदलू नका हं, आठवडा तरी द्या, पहिलीच्या पोरांना काम कळायलाच बुधवार उजाडतो. आणि मागच्या आठवड्याच्या प्रमुखानेच नव्याला शिकवायचं, हे ठरवल्यापासून माझी अर्धी ओरड कमी झाली. गणपतीच्या सुट्टीत मात्र चक्र तुटतं, म्हणून कोणाची पाळी कुठे थांबली ते वहीत लिहून ठेवा.

आता तक्रार. कार्डं साध्या जाड कागदाची, जुलैच्या दमट हवेत फुगून खिशातून निघेनात, शेवटी लॅमिनेशन करून घ्यावं लागलं, तो खर्च वेगळा. बॅजच्या पिना खाऱ्या वाऱ्याने महिन्यात गंजल्या, युनिफॉर्मवर डाग पडले, आता दोरी ओवून गळ्यात घालतो. आणि सगळ्यात जास्त राग आला तो चित्रांचा. वर्गप्रमुख, घंटा, खेळ या कार्डांवर मुलगा आणि झाडू, पाणी यांवर मुलगी! २०२५ मध्ये पण हेच छापायचं? मुलांनीच वरून नवीन चित्रं काढून चिकटवली, झाडूवाल्या मुलाला तर मिशा पण काढल्यात.

कापड आणि शिलाई मात्र मजबूत आहे, दोनदा धुतला तरी रंग गेला नाही. पाचपैकी साडेतीन. शेजारच्या वाडीतल्या शाळेच्या बाई विचारत होत्या, त्यांना सांगितलं तक्ता घ्या पण कार्डं घरी करा.